झेलणारी

मोहटोला, ता. ब्रह्मपुरी
१५ जानेवारी १९५८, संक्रांतीचा दुसरा दिवस

नीला,

मोठ्या जावेचा आशीर्वाद. रागातला आशीर्वादही लागते म्हणतेत, तवा घेऊन ठेव. लच्छू तुले हे वाचून दाखवत असन तर त्याले आधीच सांगजो, मोठीमायचं एक अक्षर गाळू नोको.

दोन वर्सांनी लिहून राह्यली म्हणून तुले वाटन, हिचा राग उतरला. उतरला नाई. तू आपली धानाची बांधी त्या राइसमिलवाल्याले विकली अन् पोराच्या, लच्छूच्या मागं बल्लारशाच्या खाणीवर निघून गेली, तवा मी अंगणात उभी राहून जे बोलली ते बोलली. ते माघारी घेत नाई. लिहाचं कारण वेगळं आहे. तुह्या आंदणातली लोखंडी पेटी मले चार मैन्यांसाठी पायजे. तिचं कुलूप अजून लागते का तेही कळवजो.

मी इटलीले जाऊन राह्यली.

हसू नोको. ब्रह्मपुरीच्या शाळेतल्या सादिक मास्तरनं नकाशात दाखवलं, समुद्रात पाय सोडून बसल्यावानी देश आहे. तुले ती येलनाबाई आठवते? तू जाच्या आदल्या साली जंगलखात्याच्या जीपमधून आलती, बांधावर मशीन ठेवून आपली धान रोवणीची गाणी भरून घेऊन गेली. तिचा बूट चिखलात फसला तवा तूच हात घालून काढून दिलता. तिच्या बापाचं खेड्यात मोठं घर आहे. दर उन्हाळ्यात ती देशोदेशीच्या पाच-सहा लिहिणाऱ्या माणसाईले तिथी बोलावते. ज्याले त्याले एक खोली. दोन मैने बसून लिहाचं, बाकी काई काम नाई. जेवण तिचं, बोटीचं तिकीट तिचं. औंदा तिनं मले बोलावलं, गाणी करणारी बाई म्हणून. कागदावर माह्यं नाव आहे, इंग्रजीत.

मास्तर म्हणे, त्या घराचा नेम असा, की दिवसभर कोणी कोणाचं दार वाजवाचं नाई अन् कोणाले हाक माराची नाई. बोलाचं ते संध्याकाळी जेवताना. असल्या शांततेसाठी लोक समुद्र ओलांडून येतेत म्हणे. मी म्हटलं, मास्तर, एवढ्यासाठी बोट कायले पायजे? माह्यं दार दोन वर्सांत इथीच कोणी वाजवलं नाई. तो हसला. मी काई त्याले हसाले म्हटलं नव्हतं.

तर पेटी पाठवजो. माह्यं बरं चाललं आहे. गाणीही पुष्कळ झाली आहेत, आता कोणती नेऊ अन् कोणती ठेवू असं झालं आहे.

वच्छला


मोहटोला
२० फेब्रुवारी १९५८

नीला,

पेटी आली नाई. उत्तरही आलं नाई. ठीक आहे. लच्छूले सवड नसली तर आपला पोचू रेल्वेत गँगमन आहे, तो नेहमी बल्लारशाले येते, त्याच्याजवळ देजो.

इकडं काय गंमत झाली ते सांगते, म्हणजे तुले वाटाले नको की मी नुसती पेटीच मागते. येलनाबाईनं एक फोटो पाठवला. तिच्या घराच्या खिडकीतून काढला आहे. त्याच्यात काय दिसते सांग? धानाची बांधी! गुडघ्याएवढ्या पाण्यात रांगच्या रांग बाया वाकल्या आहेत, लुगडं नाई, झगे खोचले आहेत, डोक्यावर गवताच्या टोप्या. आपल्यावानीच मागं मागं सरत रोवून राह्यल्या. तिथीही धान होते, नीला. मास्तरनं नकाशात जागाही दाखवली. मी तो फोटो घरी आणला अन् लागली चूक केली, आपल्या रोवणीच्या रांगेतल्या बुधरीले दाखवला.

बुधरीनं लय वेळ पाहिला अन् म्हणे, "बाई, यायची रोवणी अटकली हाये काय?"

मी म्हटलं, "काऊन?"

"मंग तुले कायले बोलावते? किती बाया पायजे म्हणते ते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा टाकून राह्यली तर पाच जणी अंगणात येऊन बसल्या. एकीनं सासूची परवानगी आणली होती. एकीनं विळा आणलता, कायले ते तिलेच ठाऊक. बुधरी मुकादमीण होऊन इचारे, "मजुरी रोजानं का गुत्त्यानं? धान देते का पैसे? बोटीवर भात आपुनच रांधाचा ना?" इथून आपुन दरसाल आरमोरीकडं रोवाले जातो, तसंच हे जरा लांबचं गाव, एवढाच त्यायचा हिसाब. माह्या नावानं बोलावणं म्हणजे माह्या रांगेले बोलावणं, याच्यात त्यायले काई शंका नव्हती.

मी समजवून सांगितलं, रोवाले नाई बोलावलं, गाणी लिहाले बोलावलं.

"रोवणी नाई अन् गाणं?" बुधरी म्हणे. "कुठी बसून?"

"खोलीत."

"एकटी?"

"हो."

"दोन मैने? अन् कोणाशी बोलाचं नाई?" मंग ती बाकीच्यांकडं वळून म्हणे, "हे तर विटाळशी बसवल्यावानी झालं वो. चार दिवसांतच माणूस भिंतीशी बोलाले लागते."

पाचही जणी उठून गेल्या. जाताना माह्याकडं अशा पाहात गेल्या, जसं मले डागदरनं काई सांगितलं आहे. राग आला मले बुधरीचा. मी तिले अन् तुले दोघींनाही सांगते, मी काई भीत नाई.

पेटी पाठवजो.

वच्छला


मोहटोला
८ मार्च १९५८

नीला,

होळीत शिव्या देऊन देऊन तोंड मोकळं झालं आहे, त्या मोकळ्या तोंडानं आज खरं लिहून टाकते. गाणी पुष्कळ झाली म्हणून लिहिलं ते खोटं होतं. तू गेल्यापासून एक गाणं झालं नाई.

दोन रोवण्या गेल्या. मी रांगेत जुन्याच गाण्याची ओळ उचलते. बाजूची बुधरी ती झेलते, पण तिले घाई. माह्यी ओळ जमिनीवर टेकली नाई का ही उचलून पुढं पळाली. तुह्यं तसं नव्हतं. तू ओळ घेऊन जराशी थांबे. तेवढ्या थांबण्यात मले पुढली ओळ दिसे. मी मंग कायले गाणी केली म्हणू, मले ती तुह्या थांबण्यात सापडत गेली. आता कोणी थांबत नाई अन् मले काई सापडत नाई. रांगेत वीस बाया असतेत अन् मले वाटते मी एकटीच बांधीत उभी आहे.

इटलीचा सराव म्हणून एक दिवस दार लावून बसली. दुपारभर. समोर कागद, हातात पेन्सिल. बकरी ओरडली तेवढाच आवाज. मी सुचाले लागलं तर पाहावं म्हणून मोठ्यानं एक ओळ म्हटली. ती भिंतीपर्यंत गेली अन् तिथीच बसली. मंग मले रडू आलं. हे लच्छूले वाचू देऊ नोको, पण आता तर वाचून झालं असन त्याचं.

तवा मी ब्रह्मपुरीले जाऊन सादिक मास्तरले म्हटलं, येलनाबाईले लिहा, मी एकटी येत नाई. येलनाबाईले वाटते गाणी एका बाईची असतेत. मास्तरलेही तसंच वाटे. त्याले समजवून सांगावं लागलं, का रांगेत एक बाई ओळ उचलते, तिच्या बाजूची झेलते, मंग बाकीच्या बाया तिच्यामागून म्हणतेत. झेलणारी नसली तर उचललेली ओळ पडून जाते. मास्तर म्हणे, "पण बाई, लिहिताना एकच जण लिहिते ना?" आता मास्तर भला माणूस, पण त्याले आयुष्यात कोणी चिखलात उभं केलं नाई.

त्याची बाई शमसुन्निसा परातीत पीठ मळून राह्यली होती. ती तिथूनच म्हणे, "अजी, लिखो ना दो लोगों का. अकेली औरत समंदर में क्या करेगी? और वहाँ धान होता है तो भात भी मिलेगा, दोनों मरेंगी नहीं." मास्तरनं लिहिलं.

तुले न इचारता लिहिलं. तुले इचारलं असतं तर तू उत्तर दिलं असतं काय?

वच्छला


मोहटोला
२४ मार्च १९५८

नीला,

येलनाबाई हो म्हणते.

मास्तरनं पत्र दोनदा वाचून दाखवलं. गाणी करणारी एक अन् तिच्यासंगं सोबतीण एक, दोघींचं तिकीट ती देते. वरच्या माळ्यावरची मोठी खोली, दोन खाटा, अन् ती खिडकी जिच्यातून फोटो काढला. दार वाजवाचं नाई हा नेम आहेच, पण दाराच्या आत दोघी काय करतेत याच्याशी कोणाले घेणं नाई. म्हणजे आपुन दिवसभर गाऊ. बाजूच्या खोलीतल्या लिहिणाऱ्याचं काई खरं नाई.

आता तुह्यं काम ऐक. पासपोर्ट म्हणून एक कागद लागते सरकारचा. त्याच्यासाठी फोटो अन् सही, लिहिता येत नाई त्याचा अंगठा. मी माह्यं केलं. ब्रह्मपुरीच्या फोटोवाल्यानं मले खुर्चीत बसवलं अन् म्हणे, बाई, थोडं हसा. मी म्हटलं, सरकारले माह्यं हसणं कायले पायजे? फोटोत मी कोणाले तरी रागावून राह्यली असं दिसते. तू चांद्याले जाऊन काढजो, तुह्यं तोंड फोटोत बरं येईन. लच्छूले म्हणजो, एका दिवसाची सुटी घे.

जाचा रस्ता मी ठरवला आहे. मास्तर म्हणे, नागभीडवरून नागपूर अन् तिथून सरळ मुंबई, मेच्या दुसऱ्या आठवड्यात बोट. मी म्हटलं, चांद्यावरून जाऊ. तो म्हणे, उलटं पडते. मी म्हटलं, पडू द्या. छोट्या गाडीनं चांदा फोर्टले येईन, तिथून बल्लारशा काई दूर नाई. तुले घेऊन मंग मोठ्या गाडीत बसू. दोन दिवसांची शिदोरी मी करीन. तुले लाखोरीच्या डाळीच्या वड्या आवडतेत, त्या वाळवून ठेवल्या. थंडी राहते म्हणे तिथी, म्हणून शमसुन्निसानं एक शाल दिली, दोघींत एक पुरन.

परत येईस्तोवर आपल्याकडली रोवणी सरली असन. बुधरी म्हणे, या वर्सी आमची रांग मुकी. मी म्हटलं, राहू दे मुकी एक साल, आम्ही नवीन गाणी घेऊन येतो.

आम्ही असं लिहिलं बघ. हात आपोआप लिहून गेला.

पेटीचं राहू दे. तूच ये.

वच्छला


मोहटोला
१४ एप्रिल १९५८

नीला,

पोचू येऊन गेला. मी त्याले पाणी द्याच्या आधी इचारलं, काय म्हणे नीलाबाई? तो टोपी काढून डोकं खाजवून राह्यला. मंग म्हणे, "सवड नाई म्हणून सांगजो, म्हणे."

आणखी काय? "आणखी काई नाई. कामावर जाऊन राह्यली होती, घाईत होती."

चार कागद लिहिले मी. एका देशाची बाई तुले तिकीट देते, खाट देते. अन् तुले सवड नाई. काय करते तू तिथी एवढं? लच्छूच्या घरी भाकरी टाकते? ते कोणीही करन. का अजूनही त्या अंगणातल्या बोलण्याचा राग धरून बसली? मंग तसं सांग ना तोंड फाडून. पोचूच्या हातून दोन शब्द पाठवते, जसं मी वसुलीले आलती.

मी एकटी जाईन. विटाळशी बसवल्यावानी तर तसं. भिंतीशी बोलीन. भिंत निदान जागची हलत तर नाई.

तुह्या अंगठ्यासाठी पासपोर्टचा कागद मास्तरनं या मैन्याच्या आखरीपर्यंत ठेवतो म्हटलं आहे. ते त्याचं म्हणणं आहे. मी काई वाट पाहून नाई राह्यली.

वच्छला


मोहटोला
२६ एप्रिल १९५८

नीला,

मी बल्लारशाले आलती.

अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी. कोणाले सांगितलं नाई. मास्तरले म्हटलं, अंग दुखते म्हणून पडून राहते. वड्यांचा डबा घेतला अन् छोट्या गाडीत बसली. मनात होतं, दारात उभी राहीन अन् इचारीन, कशाची सवड नाई तुले ते दाखव. गाडीत मी ते भांडण सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणून पाहिलं. बाजूची बाई सरकून बसली.

लच्छूच्या खोलीले कडी होती. शेजारणीनं सांगितलं, नीलाबाई डब्यांत कोळसा भरते त्या भरतीवर आहे, तिकडं जा, आवाजावरून सापडन. मले वाटलं मशीनीच्या आवाजावरून म्हणते.

कोळशाच्या ढिगाजवळ रेल्वेचे डबे उभे होते. बाया रांगेनं उभ्या, एकीच्या हातून दुसरीच्या हाती टोपली जाऊन राह्यली होती. सगळ्या काळ्याकुट्ट, कोण कोणती ते ओळखू येईना. मी आधी तुह्या आवाजानं ओळखलं. तू उचलून राह्यली होती.

झेलून नाई. उचलून.

मी झाडामागं थांबली. तू म्हणत होती,

काळ्या मातीत हिरवं रोवलं, हाती आलं सोनं वो बाई,
काळ्या दगडात काय रोवू मी, रोवते माह्यं जिणं वो बाई.

तुह्या बाजूले एक छत्तीसगडची बाई होती, कपाळावर गोंदलेली. तिले मराठी धड येत नाई हे दोन ओळींत कळलं. तरी ती झेले. अर्धी ओळ आपल्या बोलीत घेई, अन् तू तिच्यासाठी थांबे. मंग रांग म्हणे. तेलुगू बायाही म्हणत. टोपली त्या गाण्यावर चालत होती, एकीची चूक होत नव्हती. एक सरलं का तू दुसरं उचले. तिसरं उचललं. मी सगळी ऐकली. एकही माह्यं नव्हतं.

तुले खरं सांगते, पयले मले राग आला. असा राग आला का वड्यांचा डबा कोळशात फेकून द्यावा. ही माह्या मागं वीस वर्सं झेलत होती, मंग हे एवढं कुठी ठेवलं होतं हिनं? मंग ती जिण्याची ओळ दुसऱ्यांदा आली. मी गाणी करणारी बाई आहे, नीला, मले ओळ कळते. अशी ओळ मले जन्मात सुचली नाई. मी तिथीच खाली बसली.

तू हसत होती. तोंड सगळं काळं अन् दात तेवढे दिसत होते. मोहटोल्यात तू इतकी कधी हसली ते मले आठवेना. लय वेळ आठवून पाहिलं.

मी तुले हाक मारली नाई. काय सांगणार होती? चल, माह्यी सोबतीण हो, माह्यी ओळ झेल? तुह्यी बांधी तू काऊन विकली, तेही आता इचारत नाई. वड्यांचा डबा शेजारणीजवळ दिला, नाव सांगितलं नाई, पण वड्या पाहून तू ओळखलं असन. संध्याकाळच्या गाडीनं परत आली. घरी दिवा लावाचंही मन झालं नाई.

तीन दिवस मी दार उघडलं नाई. बुधरी येऊन अंगणात उभी राहून गेली. आज सकाळी ब्रह्मपुरीले गेली अन् सादिक मास्तरले सांगितलं, येलनाबाईले तार करा, कागदावरचं नाव चुकलं आहे. गाणी करणारी बाई नीलाबाई, राहणार बल्लारशा. मास्तरनं चश्मा काढला. म्हणे, "अन् बाई, तुम्ही?" मी म्हटलं, पयले तार करा.

त्यानं केली. शमसुन्निसानं मले आत नेऊन चहा दिला.

मास्तर चार तारखेले चांद्याले येईन, तुह्या फोटोचं अन् अंगठ्याचं तो तिथीच करून घेईन, बोटीची तारीख पुढं ढकलता येते म्हणे. त्याच्यासमोर जाताना तोंड धुऊन जाजो, कोळसा राहिला तर सरकार ओळखणार नाई. भरतीवरच्या मुकादमाले चार मैन्यांची रजा माग. नाई म्हटलं तर त्याले म्हणजो, तुह्यी रांग चार मैने मुकी राहीन त्याले माह्यी जाऊ जबाबदार आहे, तिच्याशी येऊन भांड. मी त्याच्याशी भांडीन, तेवढं मले येते.

आता एकच राह्यलं. सोबतिणीची जागा खाली आहे. त्या छत्तीसगडच्या बाईले नेलं तर तुह्यी ओळ चांगली झेलन, ते मी कानानं ऐकलं. मले झेलाची सवय नाई. मी घाई करीन, बुधरीपेक्षाही. ओळ हातात घेऊन थांबणं मले शिकावं लागन, अन् या वयात किती येईन ते सांगता येत नाई. पण घरी दार लावून, तुह्या त्या तीन गाण्यांतलं जेवढं आठवते तेवढं मी म्हणून पाहून राह्यली.

कोणाले न्यायचं ते तू ठरव. मले नाई नेलं तरी मी बोलणार नाई. तू जाजो मात्र.

वच्छला